डाकबंगला, सर्किट हाऊस, विश्रामगृह: सगळे एकच का?

प्रश्न: इंग्रजांच्या काळातल्या एका सरकारी अहवालाचं मराठी करतोय. त्यात डाकबंगला, सर्किट हाऊस आणि इन्स्पेक्शन बंगला असे तीन शब्द येतात. तिन्हींना 'शासकीय विश्रामगृह' लिहून मोकळं व्हावं का?

उत्तर: नको हो! कोण कशासाठी उतरणार, हे त्या नावांतच आहे. डाक म्हणजे नुसतं टपाल नव्हे. वाटेत टप्प्याटप्प्यावर ताज्या दमाचे घोडे, भोई, हरकारे ठेवायचे, ती डाक. अशा वाटेवरचं मुक्कामाचं घर तो डाकबंगला. सर्किट म्हणजे आयुक्त, न्यायाधीश यांची फिरती, म्हणून सर्किट हाऊस मोठ्या गावात. इन्स्पेक्शन बंगला मात्र धरणापाशी नाहीतर कालव्याकडेला, तपासणीला आलेल्या इंजिनिअरसाठी.

आणखी एक: 'बंगला' हाही मुळात बंगाली धाटणीच्या, उतरत्या छपराच्या घराचा शब्द. जुन्या बंगल्यांत मधे दिवाणखाना, दोन्ही अंगांना खोल्या, भोवती रुंद व्हरांडा. न्हाणीला बाहेरून वेगळं दार, म्हणजे पाणी भरणाऱ्याला साहेबाच्या खोलीतून जावं लागू नये. खानसाम्याचं स्वयंपाकघर मागे, सुटं. धूर आणि आगीची भीती. कुठे कुठे भिंतीत वर एक भोक दिसतं. ते उंदरांचं नव्हे, पंख्याची दोरी तिथून व्हरांड्यात जायची आणि पंखेवाला ती बाहेर बसून ओढायचा.

मूळ प्रश्नकर्ता: भोकाचं माहीत नव्हतं! पण मग 'अतिथीगृह' कुठे बसतं?

उत्तर: ते राज्याच्या पाहुण्यांचं. मलबार हिलवरचं 'सह्याद्री' अतिथीगृह आहे, तिथे मंत्रिमंडळाच्या बैठकाही होतात. नागपुरात अधिवेशनाला मंत्री उतरतात ते रवि'भवन', दिल्लीत महाराष्ट्र 'सदन'. पाटी जितकी संस्कृत तितका पाहुणा मोठा, असं आपलं माझं निरीक्षण.

अजून एक: प्रत्ययही बघा. आपण घरात असतो, हॉटेलात उतरतो, पण साहेब 'बंगल्यावर' असतात आणि कार्यकर्ते 'रेस्ट हाऊसवर' जमतात. 'फिरतीवर', 'कामावर', 'मळ्यावर' यांच्याच रांगेतला हा 'वर'. भाषांतरात 'विश्रामगृहात' लिहिलंत की तो गेलाच. शिवाय विश्राम तिथे करतंय कोण? बाहेर निवेदनं घेऊन माणसं उभी.

मूळ प्रश्नकर्ता: पटलं. डाकबंगला आणि सर्किट हाऊस तसेच ठेवतो. तिसऱ्याला 'तपासणी बंगला' चालेल?

उत्तर: वाचून वाटेल, आत कुणाची तरी चौकशी चालू आहे. इन्स्पेक्शन बंगलाच राहू द्या.