'पवित्र' : शुद्ध करणारं की वेगळं ठेवलेलं?

प्रश्न : एका धार्मिक मजकुराचं मुद्रितशोधन करते आहे. त्यात 'देवाने सातवा दिवस पवित्र ठरवला' असं वाक्य आलं आणि तिथेच अडले. दिवस काही मळत नाही, मग तो पवित्र कसा करायचा? 'पवित्र', 'पावन' आणि 'शुद्ध' यांत नेमका फरक काय?

– पवित्र हा शब्द 'पू' या संस्कृत धातूपासून आला. पू म्हणजे स्वच्छ करणे. पुढचा 'त्र' साधन दाखवतो, जसा पात्र, वस्त्र, शस्त्र या शब्दांत. म्हणजे पवित्र हे मुळात साफ करायचं साधन! ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात सोमरस गाळायची मेंढीच्या लोकरीची गाळणी असते, तिचं नावच पवित्र. पवन आणि पावक याच धातूचे. वारा आणि अग्नी दोघेही शुद्ध करतात, म्हणून ती नावं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आज आपण पवित्र वस्तू विटाळेल, बाटेल म्हणून तिला जपत बसतो. गाळणीला गढूळ पाण्याची भीती कशी असेल? तिचं कामच तिथे आहे. 'पावन' या शब्दाने हा जुना अर्थ अजून धरून ठेवलाय. पतितपावन म्हणताना पतिताला जवळ येऊ द्यावंच लागतं, नाहीतर शब्दाला अर्थच उरत नाही. देवळाच्या दारात माणसं अडवणाऱ्यांच्या तोंडीही हाच शब्द होता, याचं मला आजही वाईट वाटतं.

– व्युत्पत्ती मान्य. पण शब्द आज काय सांगतो ते त्याच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदांवरून कळतं. पुण्य आपण जोडतो, कमावतो, ते सरतं. पाप लागतं, घडतं, फिटतं. पावित्र्य मात्र राखावं लागतं, ते भंगतं, धोक्यात येतं. पुण्य साठ्यासारखं, पावित्र्य कुंपणासारखं. परीक्षेचं पावित्र्य, मतदानाचं पावित्र्य असं आपण म्हणतो, तिथे देवाधर्माचा संबंध नाही. मोडू नये असा नियम, एवढाच अर्थ. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेम यांनी 1912 साली पवित्र गोष्टींची व्याख्या 'वेगळ्या काढलेल्या आणि निषिद्ध' अशीच केली होती.

– आणि प्रश्नातल्या वाक्याचं उत्तर इथेच आहे. त्यामागचा हिब्रू धातू 'क-द-श'. त्यातून 'कादोश' म्हणजे पवित्र. त्याचा गाभा 'वेगळं राखलेलं' असा समजला जातो. बायबलच्या कथेत सर्वांत आधी पवित्र ठरतो तो डोंगर नाही, मंदिर नाही, तर एक दिवस. इतर सहांपासून बाजूला काढलेला. अरबीत हरम (पवित्र क्षेत्र) आणि हराम (निषिद्ध) एकाच धातूचे. लॅटिन 'साकेर' तर देवाला वाहिलेल्यालाही लागतो आणि शापित माणसालाही. वेगळं काढलं की माणूस वर जाईल की बाहेर फेकला जाईल, हे त्या शब्दात ठरलेलं नसतं. आपल्याकडचं 'सोवळं' याच बाजूचं, तेही अंतरावर उभं आहे. म्हणून सगळा दोष 'पवित्र' या एका शब्दावर टाकू नये असं मला वाटतं. अंतराची ही कल्पना अनेक भाषांत आहे.

– जाता जाता: 'पावित्र्यता' लिहू नका. पावित्र्य हेच भाववाचक नाम आहे, त्याला पुन्हा 'ता' कशाला? पवित्रता किंवा पावित्र्य, दोन्ही चालतात.

प्रश्नकर्ती : आभार. 'शुद्ध केला' तर नक्कीच नको. 'पवित्र ठरवला' ठेवते, आणि तळटिपेत 'इतर दिवसांपासून वेगळा राखला' असं देते. 'पावन केला' मात्र खोडलं. त्या वाक्यात दिवस कुणाला शुद्ध करत नाहीये.