'अ सायलेंट व्हॉइस' बघाच! (आणि माफीवरून भांडायचं असेल तर इथेच भांडा)

चकलीचा_तुकडा: ॲनिमे म्हणजे पोरांचं कार्टून, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हाच सिनेमा दाखवते. योशितोकी ओइमाच्या ७ खंडांच्या मांगावरून (म्हणजे जपानी चित्रकथा) नाओको यामादाने २०१६ साली केलेला. सहावीतला शोया वर्गात नव्याने आलेल्या कर्णबधिर शोकोला छळतो, तिच्या कानातली मशीनं ओढून फेकतो. मग बिंग फुटतं आणि वर्ग त्यालाच वाळीत टाकतो. काही वर्षांनी तो खुणांची भाषा शिकून तिच्यासमोर उभा राहतो. तोवर त्याला आजूबाजूच्या चेहऱ्यांवर नुसत्या फुल्या दिसतात. रुमाल घेऊन बसा.

कडूकारलं: रडलो मीही, पण चिडून. जिला छळलं तीच सिनेमाभर माफी मागत फिरते, वर त्याच्याच प्रेमात पडते! सगळा पश्चात्ताप त्याचा, तिच्या मनात काय चाललंय ते कुठे कळतं?

चकलीचा_तुकडा: ती सारखी माफी का मागते, तेच तर दुखणं आहे ना! आपण सगळ्यांना ओझं झालोय हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. आतषबाजीची रात्र आठव. अभ्यासाचं निमित्त करून ती एकटी घरी जाते... पुढचं सांगत नाही, नवे लोक वाचत असतील.

रद्दीवाला: कारल्याशी अर्धा सहमत. मांगात एक प्रकरण शोकोच्या बाजूने आहे. त्यात संवादांची अक्षरं अर्धवट छापलीत, तिला ऐकू येतात तशी. एक पान वाचायला घाम फुटतो. सिनेमाने ते गाळलं, मित्रमंडळी मिळून सिनेमा काढतात तो भागही उडवला. सव्वादोन तासांत मावणार तरी किती म्हणा.

उंबरठा: माझी मावसबहीण मशीन लावते. शोको 'सुकी', म्हणजे 'आवडतोस', म्हणते आणि शोयाला 'त्सुकी', चंद्र, ऐकू येतं. तो वर बघून 'हो, छान आहे' म्हणतो. तिथे मी हसले, ती नाही. आम्ही घरात तिला असंच 'हो हो' करून वाटेला लावतो. संपल्यावर म्हणाली, "त्याने निदान खुणा तरी शिकल्या."

कडूकारलं: यावर काय बोलणार. माफी मात्र अजून पटलेली नाही. रद्दीवाले, ते प्रकरण कितवं?

रद्दीवाला: ५१वं. पण थेट तिथे उडी मारू नकोस, पहिल्यापासून वाच.