पांढरी मुळी म्हणजे नेमकं काय?

अंबाझरीकाठ: चारापिकांवरचं माहितीपत्रक मराठीत आणतेय. ह्युमिक पदार्थ, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय मालातले काळे-तपकिरी घटक, दिले की गवताच्या मुळांना बाजूने नव्या मुळ्या फुटतात आणि मुळांवरची बारीक लव दाट होते, असं त्यात आहे. मी ‘पार्श्वमुळे’ आणि ‘मूलरोम’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी दोन्ही खोडून ‘पांढरी मुळी’ केलं. आता वाक्य असं झालंय: पांढरी मुळी वाढते व पांढरी मुळी दाट होते!

कोरडवाहू: बरोबरच केलं जी त्यांनी. काटोलकडे कोणालाही विचारा. नेपियर गवताचं ठोंब उपटलं की जी मुळी पांढरीफेक, दाबली की कुटकन तुटते, ती पांढरी मुळी. मूलरोम काही डोळ्यानं दिसत नाहीत.

टिपकागद: दिसतात. ज्वारीचे दाणे ओल्या फडक्यात ठेवा, दोन-तीन दिवसांत मुळावर पांढरी लव येते. आमच्या आईनं बुरशी समजून माझा शाळेतला अख्खा प्रयोग केरात टाकला होता.
आणि ‘पांढरी’ ही मुळीची जात नाही, वय आहे. जुनी झाली की तीच तांबूस पडते.

शुद्धमती: मग ‘मुळाची लव’ म्हणा की. मूलरोम संस्कृत, रूट हेअर इंग्रजी, आपलं काहीच नाही. ‘ह्युमिक ॲसिड’लाही ‘कुजाम्ल’ करा.

कोरडवाहू: कुजाम्ल! मामाजी आधीच म्हणतात, ॲसिड काहून टाकता बे, गवत जळून जाईल ना.

टिपकागद: मामाजींना सांगा, डब्यातलं बहुतेक वेळा पोटॅशियम ह्युमेट असतं. लिग्नाइटसारख्या कच्च्या कोळशातून अल्कलीनं काढलेलं, द्रावणही अल्कधर्मीच. त्यात तीव्र आम्ल ओतलं की काळा साका खाली बसतो, ते ह्युमिक. वर पिवळसर पाण्यात उरतं ते फुल्विक.

अंबाझरीकाठ: पण माझं वाक्य…

क्षमाशील: लॅटिन ‘ह्यूमस’ म्हणजे भुई, आणि आपला पृथ्वीवाचक ‘क्षमा’ही त्याच कुळातला. परका शब्द नाहीच तो!

शुद्धमती: भुईची क्षमा आणि माफीची क्षमा एक नव्हे. एका धातूवर सगळं गाव बसवू नका.

क्षमाशील: मी माफीचं नावही काढलं नव्हतं.

टिपकागद: ताई, क्रियापद बदलून पाहा. ह्युमिक मुळाला नुसतं जेवू घालत नाही, ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकासारखा इशाराही देतं. पेशीच्या पडद्यावरचे प्रोटॉन पंप (हायड्रोजन आयन बाहेर ढकलणारे) जोरात चालतात, पेशीची भिंत सैल पडते, मूळ लांबतं, बाजूनं नवीन फुटतं. म्हणून ‘मुळ्या फुटतात, लव धरते’. ‘वाढते’ फार ढोबळ. मात्रा जास्त झाली तर तीच मुळी खुंटते, तेही लिहा.

कोरडवाहू: ‘लव धरते’ म्हणजे गालावर. शेतात कोणी म्हणत नाही.

शुद्धमती: आजपासून म्हणा.

अंबाझरीकाठ: उद्या सकाळी छापायला जातंय हो. ‘फुटवे’ चालेल का मुळांना?

कोरडवाहू: नाही जी, फुटवे वरचे, बुडातून निघतात ते. अन् एक सांगा, पत्रकात वाळलेल्या वैरणीला काय लिहिलं, कुटार का कडबा?

क्षमाशील: कुटार हरभऱ्याचं, तुरीचं. कडबा ज्वारीचा. आणि धानाची तणस, ती विसरलात.