मदत हवी आहे : आरएक्स १३५ मातीत पळवतो, गिअरबॉक्समध्ये कोणतं ऑइल घालू?

मंडळी, माझी पाच गिअरची यामाहा आरएक्स १३५ (टू-स्ट्रोक बाइक) आता फक्त मातीत चालते. दर रविवारी मुळशीकडे मित्राच्या शेतात दोन-तीन तास सराव, बहुतेक वेळ पहिला-दुसरा गिअर आणि अर्धा क्लच. पेट्रोलसोबत जळणाऱ्या टू-टी ऑइलचा प्रश्न नाही, तो सुटलाय. प्रश्न खालच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या ऑइलचा आहे.

मागच्या वेळी दुकानदाराने कारचं ५डब्ल्यू-३० इंजिन ऑइल दिलं. त्यावर ‘एनर्जी कन्झर्व्हिंग’ लिहिलेलं होतं, माझ्या लक्षात आलं नाही. चढावर इंजिन ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. क्लच याच ऑइलात बुडलेला असतो, त्यामुळे घर्षण कमी करणारं ऑइल त्याला चालत नाही, हे तेव्हा कळलं. जीव हळहळला हो, नव्या प्लेटा होत्या.

आता जासो एमए२ (ऑइलात बुडलेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचा जपानी दर्जा) शिवाय काही घालणार नाही. पण दाटपणा १०डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-४०? एक मेकॅनिक ८०डब्ल्यू गिअर ऑइल म्हणतात. आकडा मोठा दिसला तरी त्याचा दाटपणा १०डब्ल्यू-३० च्या आसपासच असतो, मात्र ते ओल्या क्लचसाठी बनवलेलं हवं ना?

दुसरं, पातळी हळूहळू उतरतेय, बाहेर गळती नाही आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर येतो. क्लचच्या बाजूचं क्रँक सील (गिअरबॉक्सचं ऑइल इंजिनात जाऊ न देणारं रबरी सील) गेलं असेल आणि ऑइल आत जळत असेल का? तसं असेल तर आधी सील, मग ऑइल.

मातीत टू-स्ट्रोक चालवणाऱ्यांनी कृपया सांगा, तुम्ही काय घालता आणि किती तासांनी बदलता?