चैन कशाला म्हणायची? सातारा-सांगलीकरांनो, लिहा

माहुलीकर:
मोती चौकातल्या एका दुकानाच्या काचेत तांब्याचा बंब दिसला. चिंचेनं लखलखीत घासलेला, वरच्या नळकांड्यात प्लास्टिकची फुलं. एकेकाळी गिझर म्हणजे चैन होती, त्यापायी बंब मोडीत गेले. आता बंब दिवाणखान्यात! शोभेला घेणाऱ्यांना काही सांगायचं नाही, पण पेटवायचा असेल तर मधल्या, जाळाच्या नळीचा डाख (सांधा जोडणारा वितळवलेला धातू) आधी तपासा. पाणी भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवायचा. सकाळी खाली ओल दिसली तर डाख गेलाय. आधी पाणी, मग जाळ. उलटं केलं की डाख वितळलाच. अशी उलटी फिरलेली आणखी कुठली वस्तू? कृती, खोडी, सगळं लिहा.

मिरजेची_मी:
बंबाला आतून कल्हई लागत नाही, अंघोळीचं पाणी ते. स्वयंपाकाच्या पितळी पातेल्याला मात्र हवीच, नाहीतर आमटी कळकते. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं, कापसाच्या बोळ्यानं पसरवायचं. कथील 232 अंशांना वितळतं, म्हणून रिकामं पातेलं गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसू नका. तारेची घासणी तर नकोच. कुकर शिट्टी देतोय, पळते.

माणदेशी:
घोंगडं!! ऑनलाइन फोटोत सोफ्यावर अंथरलेलं असतं. घेताना विचारा, जावळाचं आहे का? कोकराची पहिली लोकर ती, मऊ आणि महाग. बाकीचं टोचणारच, तक्रार करू नका. कडकपणा चिंचोक्याच्या खळीचा असतो, वापरून कमी होतो. खळीच्या वासानं झुरळं येतात, म्हणून पेटीत ठेवण्याआधी दोन दिवस कडक ऊन द्या.

कृष्णाकाठ:
@माणदेशी वॉशिंग मशीनमध्ये चालेल का हो दादा?

माणदेशी:
चालेल की, बाहेर काढल्यावर बाहुलीला होईल. लोकर गरम पाण्यात आणि घुसळण्यात आवळते.

तासगावचा:
बेदाणा. पूर्वी शिऱ्यात मोजून पडायचा, आता मूठभर सकाळी भिजवून खातात. लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑइल, त्यात घड दोन ते चार मिनिटं बुडवायचे. मण्यावरची मेणचट लव सुटते, पाणी लवकर निघतं. मग शेडमध्ये जाळीवर, सावलीत, साधारण पंधरा दिवस. उन्हात टाकला तर तपकिरी पडतो. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा. मार्च-एप्रिलात अवकाळी आला की माल काळवंडतो नि भाव पडतो. सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. गंमत अशी की हिरवागार रंग हीच इतकी वर्षं प्रतिष्ठा होती, आता काही गिऱ्हाईक बिनगंधकाचा (गंधकाची धुरी न दिलेला) तपकिरीच मागतं, वर जास्त पैसे मोजून.

वाईकर_ताई:
आणि खपली गहू? गरिबाचा म्हणून नाक मुरडायचे. आता पाकिटावर खपलीचं कौतुक वाचून हसू येतं.

हरिपूररोड:
ताई, खपलीची खोड अशी की दाणा टरफलातच राहतो, साध्या मळणीत सुटत नाही. कांडावाच लागतो. क्विंटलमागे 25-30 किलो फोलपट जातं, किंमत त्यातच वाढते. खिरीसाठी: पाण्याचा हात लावून सडायचा, पाखडायचा, रात्रभर भिजवायचा, मग कुकरला मऊ शिजवायचा. गूळ शिजल्यावरच. आधी घातला तर दाणा चिवट राहतो, कितीही शिट्ट्या द्या. दूध थंड झाल्यावर, नाहीतर फाटतं. नारळाचं दूध घेतलं तर ती भीती कमी.

कृष्णाकाठ:
खिरीत जायफळ की वेलची?

हरिपूररोड:
जायफळ. पण चिमूटभर. (सुंठ विसरू नका.)

भडंगप्रेमी:
सगळं खरं, पण भडंग अजून चैन झालं नाही, देवाची कृपा 😄

मिरजेची_मी:
परतले. @भडंगप्रेमी होऊ देऊ नका. लसूण साली न काढता ठेचून तेलात कुरकुरीत, मसाला गॅस बंद करून, मगच चुरमुरे. गरम तेलात तिखट टाकलं की जळून काळं होतं आणि लोक चुरमुऱ्यांना दोष देतात.

माहुलीकर:
धागा बंबाचा होता हो 🙏

हरिपूररोड:
माहुलीकर, लाकडी घाण्याच्या तेलावर कोणी लिहिलंच नाही. शेंगतेल काढायला किलोला अडीच किलोच्या आसपास शेंगदाणे जातात. बाजारातल्या दाण्यांचा भाव अडीचनं गुणा, पेंड विकून आलेले पैसे वजा करा, घाण्याची मजुरी मिळवा. त्याहून बरंच स्वस्त मिळत असेल तर भेसळ समजा. नवं तेल दोन-तीन दिवस निवळू द्या, तळाचा गाळ वर काढू नका, तळताना तोच फेसाळतो.

तासगावचा:
पेंड आमच्याकडे म्हशीला. तिची चैन कधी बदलली नाही.

कृष्णाकाठ:
बंबाचं राहिलंच, लाकूड कुठलं घालायचं? बाभूळ?

माहुलीकर:
बाभूळ चालते, धग टिकते. ओलं घालू नका, नळकांडं काजळीनं बुजतं आणि धूर घरात येतो. आणि आधी ती फुलं काढा.