मदत हवी आहे: पूलमध्ये स्ट्रोक मारताना नेमकं कुठे थांबायचं?

मंडळी, इथे पूल किंवा स्नूकर (टेबलावरचे बॉल काठीने, म्हणजे क्यूने, पॉकेटमध्ये घालायचे खेळ) खेळणारं कुणी असेल तर जरा मार्गदर्शन करा.

मी पुण्यात ऑफिस सुटल्यावर एट-बॉल, म्हणजे पूलचाच एक प्रकार, खेळतो. जवळचे शॉट बऱ्यापैकी जातात, लांबचा सरळ शॉट आला की बोंब. बॉल पॉकेटच्या तोंडाशी खडखड करून बाहेर येतो. पार्लरमध्ये स्नूकर खेळणारे एक काका आहेत, ते म्हणाले, "क्यू मागे नेलास की क्षणभर थांब. स्नूकरचा जगज्जेता हेन्ड्री थांबायचा बघ, तसा." तेव्हापासून मुद्दाम थांबतोय आणि आता जवळचे शॉटही जायला लागले, पण पॉकेटमध्ये नाही! मागे थांबलं की मनगट आवळलं जातं आणि पुढे येताना क्यू झटक्यात सुटतो.

व्हिडिओ बघून गोंधळ आणखी वाढला. एफ्रेन रेयेसचा क्यू सतत झुलत असतो, थांबणं असं दिसतच नाही. अ‍ॅलिसन फिशर मात्र मागे स्वच्छ थांबते. दोघंही जगज्जेते. मग आपण कुणाचं ऐकायचं? आणि मारताना नजर शेवटी पांढऱ्यावर (क्यूने थेट मारतो त्या बॉलवर) ठेवायची की ज्याला मारायचंय त्या बॉलवर?

कुशनचा_राजा:
तुमच्या काकांनी अर्धंच सांगितलं. थांबे दोन असतात. पहिला पुढे, म्हणजे सरावाचे हेलकावे संपले की टिप (क्यूचं टोक) पांढऱ्याच्या अगदी जवळ आणून थांबायचं. दुसरा मागे, क्यू पूर्ण मागे गेल्यावर. पहिला सगळ्यांनी पाळावा असं माझं ठाम मत आहे. टिप खरंच मधोमध आहे का, क्यू रेषेवर आहे का, हे तपासायची ती शेवटची संधी. दुसरा ज्याच्या त्याच्या हाताचा प्रश्न.

मागे गेलेला क्यू पुढे यायला लागण्याआधी क्षणभर स्थिर होतोच, रेयेसचासुद्धा. मागचा थांबा म्हणजे तो क्षण थोडा लांबवणं. त्याचा फायदा असा की मागून पुढे येताना घाई होत नाही. पण तुम्ही थांबताना मूठ आवळताय, म्हणजे ब्रेक लावून पुन्हा गाडी पळवताय. मागे जाण्याचा वेगच कमी करा. हळू मागे गेलात की थांबा आपोआप येतो, तो वेगळा 'करावा' लागत नाही.

तिसरा_डोळा:
नजरेबद्दल सांगते. कॅलगरी विद्यापीठातल्या जोन विकर्स यांनी खेळाडूंच्या नजरेवर बरंच संशोधन केलंय. हालचाल सुरू होण्याआधी नजर लक्ष्यावर शेवटची स्थिरावते, त्याला त्यांनी 'क्वाएट आय' नाव दिलं. बिलियर्ड्सच्या खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात हा स्थिर नजरेचा काळ कसलेल्या खेळाडूंमध्ये नवख्यांपेक्षा जास्त आढळला. शॉट अवघड झाला की तो आणखी वाढायचा.

म्हणून पुढच्या थांब्याला नजर पांढऱ्यावर, तिथून लक्ष्याच्या बॉलवर, आणि मग क्यू मागे. मारताना नजर लक्ष्यावरच. टिप आणि बॉलचा संपर्क सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाचा असतो, तेव्हा पांढऱ्याकडे बघून काही दुरुस्त होत नाही. बहुतेक लोक इथेच चुकतात: क्यू पुढे निघालेला असताना डोळे दोन बॉलच्या मध्ये कुठेतरी भटकत असतात. ब्रेक शॉट (डाव सुरू करणारा जोरदार फटका) आणि जंप शॉटला (पांढरा उडवून मारायचा शॉट) बरेच जण शेवटी पांढऱ्याकडे बघतात, तो अपवाद.

खडूची_पूड:
थांब्याच्या भानगडीत एक गोष्ट राहिली. निर्णय उभं राहून घ्यायचा. कुठल्या पॉकेटात, किती वेगाने, पांढरा नंतर कुठे हवा, हे सगळं वर असताना. शॉटच्या रेषेवर उभं राहायचं, एक पाऊल पुढे, आणि त्याच रेषेवरून खाली वाकायचं. वाकल्यावर कोन बदलावासा वाटला तर सरळ उठायचं. खाली असताना केलेली 'बारीकशी' दुरुस्ती मनगटातून होते आणि क्यू वाकडा जातो. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांतही शॉटला साधारण 30 सेकंद असतात, तेव्हा आपल्याला कसली घाई? मागे रांग लावून बसलेली कॉलेजची पोरं सोडली तर.

आधी एक तपासणी करा. पट्ट्याचा एक बॉल घ्या, पट्टा उभा ठेवून तो टेबलाच्या मधल्या रेषेवर ठेवा आणि पांढऱ्यासारखा थेट मारा, समोरच्या कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) लागून परत येईल असा. पट्टा डगमगला किंवा बॉल परतताना बाजूला सरकला तर टिप मधोमध लागत नाहीये. दोन्ही प्रकारे मारून बघा, मागे थांबून आणि न थांबता. तुमचं उत्तर तिथेच मिळेल.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. पट्ट्याचा प्रयोग केला. न थांबता मारला की पट्टा बऱ्यापैकी सरळ फिरतो, मुद्दाम थांबलो की डगमगतो. क्यू हळू मागे नेऊन मात्र सगळ्यात छान लागला. काकांना अजून सांगितलेलं नाही! शेवटची शंका: ब्रेक मारतानाही मागे थांबायचं का?

कुशनचा_राजा:
ब्रेकला नको. ताणलेला स्नायू लगेच आखडला तर जास्त जोर देतो, मध्ये थांबलात की तो फायदा कमी होतो. पुढचा थांबा तेवढा ठेवा. आणि लांबचा सरळ शॉट सध्या स्टननेच मारा, म्हणजे धडकेच्या क्षणी पांढरा पुढे-मागे न फिरता घसरत असेल असा. पांढरा धडकेच्या जागीच थांबला तर ठीक, बाजूला सरकला तर पुन्हा पट्ट्याच्या बॉलकडे.