आजीच्या कुड्या : हिरे की अमेरिकन डायमंड?

मिठागर

नमस्कार मंडळी. घर शिरोड्याचं, मुक्काम डोंबिवलीला. आजीच्या हिऱ्याच्या कुड्या आहेत. मधे एक खडा, भोवती सहा, अशा सात-सात खड्यांच्या, मागून सोन्याच्या पत्र्याने बंद. आजीच्या लग्नातल्या, म्हणजे १९४८ च्या. घरात पूर्वापार म्हणतात की हे गोवळकोंड्याचे हिरे.

आता आईने आम्हा दोघी बहिणींत दागिन्यांची वाटणी काढलीय. गणपतीला गेलो तेव्हा बाजारात एका दुकानात दाखवल्या. त्यांनी पेनासारखं यंत्र लावलं. काही खड्यांवर वाजलं, काहींवर नाही. म्हणाले, "निम्मे अमेरिकन डायमंड आहेत, खात्री करायची तर सगळे खडे काढावे लागतील." ताई म्हणते सगळे खोटेच असणार, आजोबा शाळामास्तर, त्यांना कुठले हिरे परवडायला. आई दोन दिवस जेवली नाही नीट.

खडे न काढता घरच्या घरी काही कळेल का?

रापण

गे बाय, काढूक देव नको हां कोणाक! पाण्याच्या पेल्यात टाकून बघ. खरो हिरो पाण्यात दिसत नाय. आमची आजी असांच सांगायची.

भिंगवाला

रापण, पाण्यात टाकायला सांगू नका. आधी तेच लिहितो, नाहीतर आज रात्रीच कुणीतरी पेला भरेल.

मागून बंद कोंदण असलं की खड्याखाली बहुतेक वेळा चांदीची किंवा कथलाची वर्ख असते, चमक वाढवायला. पाणी आत गेलं की ती काळी पडते आणि चांगला हिरा काजळी धरलेल्या कंदिलाच्या काचेसारखा दिसायला लागतो. मग दुकानदार म्हणणार, बघा, खोटा निघाला. शिवाय पाण्यात हिरा दिसेनासा होतच नाही. प्रकाश वाकवण्याचं माप धरलं तर पाण्याचं १.३३, हिऱ्याचं २.४२. एवढा फरक असल्यावर तो पाण्यातही चमकतो. काच किंवा स्फटिक मात्र बराचसा विरून जातो. म्हणजे आजीची परीक्षा नेमकी उलटी.

माझी ओळख एवढीच, की मुंबईत ऑपेरा हाउसला पंचरत्न इमारतीत आणि हिरेबाजार बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) गेल्यावर तिकडे, उभी नोकरी हिरे निवडण्यात गेली. आता देवगडला असतो. इथे कुणी हिरा दाखवत नाही, आंबा दाखवतात.

मिठागर ताई, आधी सालाचा हिशोब करा, त्याला भिंगसुद्धा लागत नाही. ज्याला आपण अमेरिकन डायमंड म्हणतो तो क्युबिक झिरकोनिया, सीझेड. रशियनांनी सत्तरीच्या दशकात तो मोठ्या प्रमाणावर बनवायची रीत बसवली आणि १९७६ च्या सुमारास तो बाजारात आला. मॉयसनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा दुसरा कृत्रिम खडा, तर दागिन्यांत आला १९९८ ला. १९४८ च्या कुडीत, ती मधल्या काळात उघडली गेली नसेल तर, सीझेड असूच शकत नाही. यंत्र न वाजल्यावर दुकानदाराने "अमेरिकन डायमंड" म्हटलं ते सवयीने. खडे खोटे असलेच तर त्या काळातले खोटे असतील : काच, स्फटिक, टोपाझ, नैसर्गिक पांढरा झिरकॉन (नाव सारखं, पण सीझेडहून वेगळा खडा), फार तर कारखान्यातला पांढरा नीलम किंवा स्पिनेल. यातला प्रत्येक जण वेगळ्या तऱ्हेने पकडला जातो. तेव्हा पहिला प्रश्न आईला विचारा : कुड्या कधी दुरुस्तीला गेल्या होत्या का? कुठला खडा पडला होता का?

आता ते पेन. त्याचं टोक गरम असतं आणि खडा उष्णता किती झटकन ओढून नेतो ते ते मोजतं. हिरा उष्णता तांब्याहून कितीतरी चांगली वाहून नेतो, म्हणून वाजतं. पण हिऱ्याला तेलाचं भारी प्रेम. खाणीत तर ग्रीस फासलेल्या पाटांवरून खडी आणि पाणी सोडायचे, दगड वाहून जायचे आणि हिरे ग्रीसला चिकटून राहायचे. मग आजीच्या कानात वर्षानुवर्षं खोबरेल आणि चुलीचा धूर खाल्लेल्या हिऱ्यावर काय थर असेल बघा. त्या थरावर टोक टेकवलं तर यंत्र थराची परीक्षा घेतं. खडे बारीक, त्यात बॅटरी उतरलेली, की आणखी गोंधळ. न वाजलेला खडा खोटा असं म्हणण्याआधी तो पुसून पुन्हा लावायला हवा होता. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पिळायचा आणि फक्त वरच्या बाजूने फिरवायचा. कडेने ओल आत जाऊ द्यायची नाही.

घरी करण्यासारखं म्हणाल तर दहापट भिंग आणा. घड्याळजीकडे असतं तसलं, पण दहापटच. सकाळी पडवीत उत्तरेकडे तोंड करून बसा, ऊन अंगावर नको. आधी खड्याची चमक बघू नका, पैलूंच्या कडा बघा. सत्तर-पंच्याहत्तर वर्षं वापरलेला दागिना आहे. हवेतल्या धुळीत वाळूचे कण असतात आणि कोकणात तर पुळणच दाराशी. हिऱ्याचा कठीणपणा दहा धरला तर वाळूचा सात. काचेचा साडेपाचच्या आसपास, म्हणजे काच असेल तर कडा गोलावलेल्या आणि वरचा पैलू ओरखड्यांनी धुरकट दिसेल. झिरकॉनच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या तुटतात. हिऱ्याच्या कडा आजही कागद कापावा अशा तीक्ष्ण असतील. एखादा टवका उडालेला असू शकतो, पण झिजलेली कड नसते. मला एकच परीक्षा निवडायला सांगितली तर मी ही निवडेन.

दुसरं, खडा थोडा तिरका करून वरच्या पैलूतून खालच्या कडांकडे बघा. एका रेषेच्या दोन रेषा दिसल्या तर तो हिरा नाही. झिरकॉनमध्ये ते ठळक दिसतं, मॉयसनाइटमध्येही. हिऱ्यात प्रकाशाची अशी फाळणी होत नाही. मात्र सीझेड, काच, स्पिनेल यांतही होत नाही, तेव्हा एकच रेष दिसली म्हणून पेढे वाटू नका.

तिसरं, बनावट नोटा तपासायचा जांभळा दिवा. बऱ्याच दुकानांत गल्ल्याजवळ असतो. अंधारात कुड्या त्याखाली धरा, दिव्याकडे मात्र थेट बघू नका. ढोबळ मानाने चारातला एखादा हिरा त्या प्रकाशात उजळतो, बहुतेक वेळा निळा. चौदा खड्यांपैकी दोन-तीन झगझगीत निळे, एखादा अंधूक, बाकी काळे असं विस्कळीत चित्र दिसलं तर मला आनंद होईल. निसर्गाचा माल एकसारखा नसतो. चौदाच्या चौदा अगदी सारखे दिसले तर मी भुवई उचलेन. हा पुरावा नव्हे, पण चांगला इशारा आहे.

काय करू नका तेही लिहितो. वर्तमानपत्रावर खडा ठेवून अक्षर दिसतं का बघायची परीक्षा सुट्या, आजच्या घाटाच्या गोल हिऱ्यासाठी आहे. जुने चपटे हिरे आरपार दिसतात आणि खरे असून नापास होतात. तोंडाची वाफ मारून बघायची तर एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी देशावर जाऊन मारा. कोकणात दमट हवेत कशावरचीही वाफ रेंगाळते. काचेवर ओरखडा काढणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा, सीझेडही काढतो आणि रस्त्यावरची गारगोटीही. हातोडीचं तर नावच नको. हिरा कठीण असतो पण ठराविक दिशेने लाकडासारखा फुटतो.

राहिलं गोवळकोंडा. शेजारच्या वेंगुर्ल्यात डचांची वखार होती आणि टॅव्हर्निए हा फ्रेंच हिरेव्यापारी १६४८ साली तिथे उतरून गोव्याला गेला होता. या किनाऱ्यावरून हिरे गेले असतील, पण आपल्या जांभ्यात हिरा नाही. गोवळकोंड्याच्या बाजूच्या खाणी अठराव्या शतकात, ब्राझीलमध्ये हिरे मिळू लागल्यावर, मागे पडल्या. आजीच्या लग्नाच्या काळात बाजारात आलेला माल मुख्यतः आफ्रिकेचा. खडे आधीच्या दागिन्यातून काढून बसवलेले असतील तर गोष्ट वेगळी, पण भिंगाखाली खाणीचं नाव दिसत नाही.

आणि आजोबा मास्तर असले म्हणून काय? बारीक, पिवळसर झाक असलेले हिरे तेव्हा मध्यम घरांतही असायचे. बहुधा आजीच्या माहेरचे असतील.

कोंदण

मी सावंतवाडीकडचा, घरचं काम सोनारकीचं. भिंगवाले काकांनी खड्यांचं सांगितलं, मी सोन्याचं सांगतो. कुडी उघडली गेली होती का ते सोनं सांगतं. प्रत्येक खड्याभोवतीची कड बघा. जुन्या हाताची कड एकसारखी दाबलेली, मऊ झालेली असते. मागाहून बसवलेल्या खड्याभोवती ताज्या दाबाच्या खुणा आणि किंचित वेगळा रंग दिसतो. मागच्या पत्र्यावर डाग दिल्याची, म्हणजे सांधल्याची रेघ आहे का तेही बघा. आत लाख असेल तर तिथे आच देता येत नाही, ती वितळते, म्हणून "काढून बघू" हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. बसवताना कड एकदा तुटली की जुन्या सोन्याची ती धार परत येत नाही. मी स्वतः गिऱ्हाइकाला असं काम नाही म्हणून सांगतो.

आगोट

धागा थोडा वळवतो, माफी. डिसेंबरात लग्न आहे, सॉलिटेअरची (एकाच हिऱ्याची) अंगठी घेतोय. ते पेन चारेकशे-पाचशे रुपयांत ऑनलाइन मिळतंय. घेऊन ठेवलं तर पुरेल का? अंगठीवर हॉलमार्क आहेच.

भिंगवाला

आगोट, हॉलमार्क सोन्याचा. तो शिक्का सोनं किती शुद्ध तेवढंच सांगतो, खड्याबद्दल एक अक्षर नाही. बरेच लोक इथेच फसतात.

पेन सीझेड आणि काच पकडेल. मॉयसनाइटवर साधं पेन हिऱ्यासारखंच वाजतं, तोही उष्णता झटकन ओढतो. तुमच्यापुढे प्रश्न तिसराच आहे. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा, सीव्हीडी (वायूतून थर चढवून केलेला) म्हणा, एचपीएचटी (प्रचंड दाब-उष्णतेत केलेला) म्हणा, सुरतेत ढिगाने होतो. तो नकली नाही, हिराच आहे. कार्बन तोच, कठीणपणा तोच, कडा तेवढ्याच तीक्ष्ण. पेन वाजणार, भिंग बहुधा गप्प बसणार. तो ओळखायला प्रयोगशाळेची यंत्रं लागतात, जी हिरा आत कसा वाढला त्याचे थर बघतात. मला भिंग देऊन बसवलंत तरी मी नुसतं बघून सांगणार नाही, आणि जो सांगतो त्याच्यापासून लांब राहा. तो घ्यायला माझी हरकत नाही, दिसतो छान. पण नैसर्गिकच्या भावात घेऊ नका, त्याचा भाव फार खाली आला आहे. बिलावर "नैसर्गिक" असं स्पष्ट लिहून घ्या. जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचा रिपोर्ट असेल तर त्याचा क्रमांक बहुतेक वेळा हिऱ्याच्या कंबरेवर (कडेच्या पट्टीवर) लेसरने कोरलेला असतो. दुकानातच भिंगातून तो वाचा, मग त्या संस्थेच्या वेबसाइटवर टाकून वजन आणि मापं जुळतात का बघा. पेनाचे पैसे वाचवा.

मिठागर

सगळ्यांचे आभार, विशेषतः काकांचे. या शनिवार-रविवारी आईकडे बसून सगळं केलं. ताईलाही बोलावलं होतं, तिनेच भिंग आणलं.

डावी कुडी : सातही खडे थोडे पिवळट, कुठलेच दोन एका आकाराचे नाहीत, कडा धारदार. एकाच्या आत काळा ठिपका आहे, एकाला कडेला टवका. उजवी कुडी : पाच तसेच, पण खालचे दोन पांढरेशुभ्र, एकमेकांसारखे हुबेहूब, आणि रंगांचा झगमगाट फार. त्यांच्या कडा भिंगातून मऊ वाटतात. त्याच दोघांभोवतीचं सोनं जास्त पिवळं आहे, कोंदण यांनी सांगितलं तसं. वाण्याकडच्या जांभळ्या दिव्याखाली डावीतले दोन आणि उजवीतला एक निळा झाला. ते दोघे अजिबात नाही.

मग आईला एकदम आठवलं. १९९१-९२ च्या सुमारास मामाच्या लग्नात उजवी कुडी उंबऱ्यावर आपटली होती. दोन खडे गेले, सापडले नाहीत. तेव्हा पैशांची ओढाताण, म्हणून आजीनेच सोनाराला सांगून साधे खडे बसवून घेतले आणि कुणाला बोलली नाही. आईला तेव्हा माहीत होतं, नंतर विसरली.

ताई आता म्हणते, मग उजवी कुणाची?

भिंगवाला

ते दोन सीझेड, हे न बघताही बऱ्यापैकी खात्रीने म्हणेन. रंगांची उधळण हिऱ्यापेक्षा जास्त आणि कठीणपणा साडेआठपर्यंतच, म्हणून कडा हिऱ्याइतक्या तीक्ष्ण नसतात. बाकी बारा हिरे असावेत असं तुमचं वर्णन वाचून वाटतं. पण वाटणी पैशांत करणार असाल तर माझ्या वाटण्यावर करू नका. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या प्रयोगशाळेत दागिना न उघडता तपासतात. कोंदण बंद असल्यामुळे वजन अंदाजानेच लिहितील, तेवढं गृहीत धरा. डोंबिवलीहून अर्ध्या दिवसाचं काम आहे. जाताना कुड्या वेगवेगळ्या कापसात गुंडाळा, एका डबीत सुट्या टाकू नका. हिऱ्यावर ओरखडा काढणारी घरात एकच वस्तू असते, दुसरा हिरा.

मोडीत मात्र घालू नका. दुकानात सोन्याचं वजन धरतील, जुन्या घाटाच्या बारीक हिऱ्यांना बहुधा किरकोळ भाव देतील, आणि घडणावळीचं तर काहीच नाही.

उजवीचं म्हणाल तर दोन मार्ग. जुन्या मालातून तशाच पिवळसर झाकेचे, त्याच मापाचे दोन हिरे शोधायचे आणि कोंदणसारख्या हळव्या हाताच्या सोनाराकडून फक्त तेवढेच बसवून घ्यायचे. ते दोन खडे आधीच एकदा उघडलेले असल्याने तिथे नव्याने काही बिघडणार नाही. खर्च दोघींनी निम्मा-निम्मा. किंवा जसं आहे तसं ठेवायचं आणि कुड्या एकत्र ठेवून आलटून-पालटून घालायच्या. एकेक कुडी वाटून घेण्याचा विचार असेल तर तो आधी आईला सांगू नका.

मिठागर

ताईने हेच वाचून दाखवलं, आई हसली. लॅबला पुढच्या आठवड्यात जाणार. कोंदण, तुम्हाला मेसेज केला आहे, मापं आणि फोटो पाठवते.

रापण

पाण्यात टाकूक सांगलंय त्याबद्दल माफ करा हां. पण काका, देवगडाक असास तर आंबे तरी पारखून देशात मा?